एसटीत मोफत, बेस्टमध्ये तिकीट: विक्रोळीतल्या एका कुटुंबाचं प्रकरण

आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या मदत कक्षात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न बसच्या पासाचा असतो. त्यातलंच हे एक प्रकरण. कुटुंबाच्या परवानगीने लिहिलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि दवाखान्याचं नाव दिलेलं नाही. घटनाक्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

नाना ७६ वर्षांचे. तरुणपणी लालबागच्या एका गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर काही वर्षं मिळेल ते काम केलं आणि मुलगा हाताशी आल्यावर माईंना घेऊन देवरुखजवळच्या गावी परतले. गावात त्यांचं छान चाललं होतं. राज्य सरकारने २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या सगळ्यांना एसटीचा प्रवास मोफत केला. नानांना पंचाहत्तरी पूर्ण झाल्यापासून देवरुख, रत्नागिरी, संगमेश्वर कुठेही जाताना कंडक्टरला आधार दाखवलं की झालं. माईंना मार्च २०२३ पासून महिलांसाठीचं अर्धं तिकीट. बाजार, बँक, पाहुणे, सगळं एसटीवर.

फेब्रुवारी २०२५ मध्ये नानांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. रत्नागिरीत पहिले उपचार झाल्यावर मुलाने दोघांना विक्रोळीला, कन्नमवार नगरात आणलं. मुलाची मूळ इमारत पुनर्विकासात पाडलेली, त्यामुळे तो, सूनबाई आणि नातू जवळच भाड्याच्या घरात राहत होते. तिथेच हे दोघे आले. घाटकोपरच्या बाजूला एका सार्वजनिक रुग्णालयात फिजिओथेरपी सुरू झाली, आठवड्यातून तीनदा.

अडचण

माई आणि मुलगा आमच्याकडे आले ते जूनमध्ये. मुलाचा प्रश्न एका वाक्याचा होता: "नानांचा बेस्टचा मोफत पास कुठे काढायचा?"

घरात सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की एसटीत पंच्याहत्तरीनंतर फुकट आहे, म्हणजे बेस्टमध्येही असणारच. हा गैरसमज आम्हाला नवा नाही. एसटी हे राज्याचं महामंडळ, बेस्ट हा मुंबई महापालिकेचा उपक्रम. एकाची सवलत दुसऱ्याला लागू होत नाही. बेस्टमध्ये ज्येष्ठांसाठी राखीव आसनं आहेत, पुढच्या दाराने चढण्याची मुभा आहे, मासिक पासावर थोडी सवलत आहे. पण केवळ वयावर मोफत प्रवास नाही. मोफत पास आहे तो मुंबईत राहणाऱ्या, किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या व्यक्तींना.

हे सांगितल्यावर मुलाचा चेहरा पडला. आणि मग खरी गोष्ट माईंकडून कळली. एप्रिलपासून नाना आठवड्यातून एकदाच व्यायामाला जात होते. पहिले काही आठवडे रिक्षाने नेलं. फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये झालेलं. साधारण पाच किलोमीटरला ८५ रुपयांच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन १७० च्या वर. महिन्याला तेरा खेपा धरल्या तर सव्वादोन हजार रुपये नुसत्या रिक्षाचे. मुलगा एका गोदामात कामाला, वर घरभाडं. त्यांनी खेपा कमी केल्या. "पास मिळाला की परत तीनदा सुरू करू," असं ठरलं होतं.

अडचण दिसत होती पासाची. खरी अडचण ही होती की पासाच्या वाटेकडे डोळे लावून नानांचा व्यायाम थांबला होता. झटक्यानंतरचे पहिले महिने हातापायात ताकद परत आणण्यासाठी सर्वांत मोलाचे, हे प्रत्येक फिजिओथेरपिस्ट सांगतो. त्यातले दोन निघून गेले होते.

समोर असलेले पर्याय

आम्ही चौघं बसलो आणि कागदावर हिशेब मांडला.

९ मे २०२५ पासून बेस्टचं किमान भाडं दुप्पट झालं: साध्या बसचं ५ चे १० रुपये, वातानुकूलित बसचं ६ चे १२. विक्रोळी ते रुग्णालय हे अंतर पहिल्या पाच किलोमीटरच्या टप्प्यात बसत होतं. नाना आणि माई दोघांचं एसी बसचं जाऊन-येऊन तिकीट ४८ रुपये. तेरा खेपांचे ६२४. रिक्षाच्या खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. कितीही बस फिरा अशा मासिक पासाची किंमत वाढून १,८०० झालेली, त्यामुळे तो या दोघांच्या उपयोगाचा नव्हता. ज्येष्ठांची सवलत धरूनही सुटं तिकीटच स्वस्त पडत होतं.

मी मुलाला विचारलं, "मग बसने का नेलं नाही?"

तो काही बोलायच्या आत माई म्हणाल्या, "बसमध्ये चढणार कसे हो ते? पाय उचलत नाही. आणि कंडक्टरने घंटा मारली आणि पडले तर?"

म्हणजे पैशांपेक्षा भीती मोठी होती. पास हातात आला असता तरी ही भीती तशीच राहिली असती. मोफत पास बसची पायरी खाली आणत नाही.

म्हणून आम्ही दोन प्रश्न वेगळे केले. पहिला: नाना पुढच्या आठवड्यापासून आठवड्यातून तीनदा रुग्णालयात कसे पोचतील? दुसरा: त्यांना दिव्यांगत्वाचा दाखला आणि त्यावर पास मिळू शकतो का, आणि तो काढावा का? पहिल्याचं उत्तर दुसऱ्यावर टांगून ठेवायचं नाही, एवढं त्या दिवशी नक्की झालं. या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त फरक पडला तो या एका निर्णयाने, असं माझं ठाम मत आहे.

दुसऱ्या प्रश्नासाठी तीन वाटा होत्या. एक, दाखल्याच्या भानगडीत न पडता तिकीट काढत राहणं. नानांच्या तिकिटाचे महिन्याला ३१२ रुपयेच वाचणार होते आणि त्यासाठी कागदपत्रांच्या किती खेपा होतील हे सांगता येत नव्हतं. दोन, गावच्या पत्त्यावरच दाखल्यासाठी अर्ज करणं. जिथे उपचार चालू आहेत त्या सरकारी रुग्णालयातही अर्ज करण्याची सोय नियमांत आहे. तीन, आधी आधारवरचा पत्ता मुंबईचा करणं, मग दाखला, मग पास. यात वेळ सर्वांत जास्त, पण पासासाठी मुंबईचं वास्तव्य दाखवावं लागणार असल्याने शेवटी अडकण्याची शक्यता सर्वांत कमी.

चौथी वाट मुलाने स्वतःच सांगितली. रुग्णालयाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात एक जण भेटला होता. पैसे द्या, आठ दिवसांत "पक्का ऐंशी टक्के" दाखला आणून देतो म्हणाला होता. मुलगा त्याला हो म्हणण्याच्या बेतात होता. त्याला आम्ही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं ९१ वं कलम वाचून दाखवलं: खोटेपणाने लाभ घेतला किंवा घ्यायचा प्रयत्न केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय तो दाखला नानांच्या नावावर निघणार होता, एजंटच्या नव्हे. ती वाट तिथेच बंद झाली.

पहिलं पाऊल: बस

त्याच रविवारी मुलाने नानांना घेऊन बसने जायची रंगीत तालीम केली. रविवार सकाळ एवढ्यासाठी की गर्दी नसते आणि ड्रायव्हर-कंडक्टरला दोन मिनिटं देता येतात. पुढच्या दाराने चढायचं, डावा हात दांडीवर, चांगला पाय आधी वर, मुलगा मागे. फिजिओथेरपिस्टने आधीच्या खेपेला रुग्णालयाच्या जिन्यावर हेच शिकवलं होतं: चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी.

तालमीत कळलं की प्रश्न सगळ्या बसचा नव्हता. लहान मिनीबसची पायरी नानांना झेपत नव्हती. खालच्या तळाच्या इलेक्ट्रिक एसी बसमध्ये ते जवळजवळ एकट्याने चढले. म्हणून नियम केला: मिनीबस आली तर सोडून द्यायची आणि खालच्या तळाची बस येईपर्यंत थांबायचं. दोन रुपये जास्त गेले तरी चालतील. त्यासाठी थांब्यावर बसायला जागा हवी, म्हणून घराजवळचा थांबा सोडून बाकडं असलेला पुढचा थांबा निवडला.

आणखी एक गोष्ट कुणालाच आधी सुचली नव्हती. नानांची व्यायामाची वेळ सकाळी साडेआठची होती, म्हणजे ऐन गर्दीत जायचं. सूनबाईंनी विभागात जाऊन विनंती केली आणि साडेअकराची वेळ मागून घेतली. ती लगेच मिळाली. गर्दी ओसरलेली, राखीव जागा रिकाम्या, कंडक्टर निवांत. जुलैपासून नाना पुन्हा आठवड्यातून तीनदा जाऊ लागले. तिकीट काढून.

दुसरं पाऊल: पत्ता

पत्ता बदलायचा म्हटल्यावर पहिला विरोध नानांचाच झाला. त्यांचं बोलणं तेव्हा अडखळत होतं, पण म्हणणं स्पष्ट होतं. आधारवरून गावाचं नाव गेलं म्हणजे गाव सुटलं. घर, आंब्याची कलमं, सातबारा, सगळं परकं झालं. माईंना काळजी रेशनची.

या भीती खोट्या ठरवून चालत नाही, एकेक सोडवाव्या लागतात. सातबाऱ्यावरचं नाव आणि घरपट्टी आधारवरच्या पत्त्याने बदलत नाही. मतदार यादीतलं नावही आपोआप हलत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, आणि तो करायचा की नाही हे नानांच्या हातात. रेशनकार्ड गावचं राहिलं तरी "एक देश एक रेशनकार्ड" योजनेमुळे विक्रोळीच्या दुकानातून अंगठा लावून धान्य घेता येतं. माईंनी त्याच महिन्यात ते घेऊन पाहिलं आणि त्यांची काळजी मिटली. नानांना आम्ही सांगितलं की पत्ता उद्या परत गावचाही करता येतो. गावी परत जायचं असेल तर त्यासाठी आधी पायावर उभं राहणं जास्त गरजेचं आहे, हे मुलाने जोडलं. त्या दिवशी नाना गप्प राहिले. दोन दिवसांनी म्हणाले, कर.

नानांच्या नावावर मुंबईत काहीच नाही: ना विजेचं बिल, ना भाडेकरार. अशांसाठी यूआयडीएआयने, म्हणजे आधार देणाऱ्या प्राधिकरणाने, २०२३ च्या सुरुवातीपासून चांगली सोय केली आहे: कुटुंबप्रमुखाच्या संमतीने पत्ता बदलणं. कुटुंबप्रमुख म्हणजे वडीलच असं नाही, अठरा वर्षांवरची कोणतीही व्यक्ती होऊ शकते. नातं दाखवणारा कागद जोडायचा, ऑनलाइन अर्ज करायचा, त्या वेळी फी ५० रुपये होती. मग कुटुंबप्रमुखाला एसएमएस येतो आणि त्याने तीस दिवसांत ऑनलाइन संमती द्यायची. इथे मुलगा वडिलांचा कुटुंबप्रमुख झाला.

पण एक गाठ होती. मुलाच्या आधारवर पाडलेल्या इमारतीचा पत्ता होता. त्याच पत्त्यावर नानांना आणलं असतं तरी कागदोपत्री ते मुंबईकर झाले असते. काम लवकर झालं असतं. पण दिव्यांगत्वाचं कार्ड टपालाने येतं, आणि जिथे आज पत्र्याचं कुंपण आहे तिथे पोस्टमन ते कुणाला देणार? म्हणून आधी मुलाचा पत्ता नोंदणीकृत भाडेकरारावर बदलला, मग नानांचा. यात जास्तीचा महिना गेला. पुनर्विकासात असलेल्या शेकडो कुटुंबांची हीच गत आहे. माझं सांगणं आहे की इमारत रिकामी करताच घरातल्या निदान एका माणसाने आधारचा पत्ता बदलून घ्यावा.

तिसरं पाऊल: दाखला काढावा का?

हा निर्णय सर्वांत जड गेला, आणि इथे घाई न करणं योग्य ठरलं.

नानांना दाखला नको होता. त्यांच्या गावात लहानपणी पोलिओ झालेला एक जण आहे, शाळेपासूनचा सोबती. त्याने आयुष्यभर काठीवर काढलं. नानांचं म्हणणं, ही सवलत त्याच्यासारख्यांची. मी शहात्तर वर्षं दोन पायांवर चाललो, आता म्हातारपणात आजारी पडलो म्हणून त्यांच्या ताटातलं कसं घेऊ?

मला हे मनापासून पटलं आणि तसं मी त्यांना म्हटलंही. सवलत मागताना दुसऱ्याचा विचार करणारी माणसं कमी भेटतात. पण कायदा दिव्यांगत्व कधी आलं हे विचारत नाही. आज हालचालीला आणि रोजच्या जगण्याला किती अडथळा आहे, एवढंच पाहतो. १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले. नानांनी घेतलं म्हणून त्यांच्या सोबत्याचं कमी होत नाही.

या युक्तिवादाने नाना हलले नाहीत. हलले ते माईंच्या एका वाक्याने. डॉक्टरांनी सांगितलं होतं की अशा आजारात सुधारणेची शक्यता असते, तेव्हा दाखला मुदतीचा मिळतो आणि मुदत संपल्यावर पुन्हा तपासणी होते. माई म्हणाल्या, "अहो, कायमचा कुठे आहे? तुम्ही बरे झालात की तो आपोआप संपणार. तोवर तरी घ्या." कायमचा शिक्का बसणार नाही, आणि उद्या गरज नसेल तर हक्कही राहणार नाही, या दोन्ही गोष्टी त्यांना बऱ्या वाटल्या.

मुलाला आम्ही पासाच्या ३१२ रुपयांपलीकडचं चित्रही दाखवलं. दाखला असेल तर वडिलांवरच्या खर्चासाठी प्राप्तिकरात त्या वेळच्या ८० डीडी कलमाखाली ७५,००० रुपयांची वजावट मिळते, मात्र जुन्या करप्रणालीत. मुलगा नव्या प्रणालीत असल्याने त्याला उपयोग नव्हता. एसटीत दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सूट आहे, पण नाना वयाने आधीच मोफत. म्हणजे या घरापुरता मोठा फायदा बसच्या पासाचाच होता, आणि तो रुपयांत लहान होता. तरीही त्यांनी अर्ज करायचं ठरवलं. कारण सूनबाईंनी सांगितलं: पास असेल तर नाना फक्त दवाखान्यात न जाता इतरही कुठे जातील.

तपासणीत काय झालं

झटक्यानंतर सहा महिने होईपर्यंत मूल्यमापन करू नका, हातापायात अजून फरक पडेल, असं डॉक्टर म्हणाले होते. ती मुदत ऑगस्टअखेर संपत होती. सप्टेंबरच्या सुरुवातीला सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर दाखल्यासाठी आणि यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज भरला. जिल्हा निवडताना काळजी घेतली: विक्रोळी मुंबई उपनगर जिल्ह्यात येते, मुंबई शहरात नाही. दिव्यांगत्वाच्या प्रकारात मुलाने अस्थिव्यंग निवडलं, हात आणि पाय डोळ्यांसमोर होते म्हणून.

तपासणीच्या खोलीत माई बरोबर गेल्या. डॉक्टरांनी नाव विचारलं, माईंनी सांगितलं. वय विचारलं, माईंनी सांगितलं. कधीपासून त्रास आहे, जेवता कोणत्या हाताने, सगळ्याला माईंचं उत्तर. हाताची पकड, कोपर, चाल, सगळं नीट तपासून झालं. बाहेर आल्यावर अंदाज कळला: ३६ टक्के.

चाळीसच्या खाली. तरीही यूडीआयडी कार्ड मिळतं, पांढऱ्या पट्टीचं. सवलती मात्र ४० पासून पुढे पिवळ्या आणि ८० पासून निळ्या पट्टीच्या कार्डावर. मुलाने दारातूनच फोन केला. आवाज रडवेला झाला होता. पुढे काय करता येईल? निकाल मान्य करणं, किंवा दाखला हाती आल्यावर त्यावर अपील करणं, किंवा काही तपासायचं राहिलंय का ते पाहणं.

मी म्हटलं, नानांना फोन द्या. नाना बोलायला लागले. शब्द लागत नव्हते, जे लागत होते ते घोटाळत होते. मधूनच माईंचा आवाज यायचा आणि वाक्य पुरं व्हायचं. तेव्हा लक्षात आलं की जूनपासून माझं नानांशी बोलणं माईंच्या तोंडूनच झालं होतं. घरात तर कुणाला हे वेगळं काही वाटतच नव्हतं. माईंनी पन्नास वर्षांच्या सवयीने आणि मायेने नवऱ्याची वाक्यं पूर्ण करायचं काम अंगावर घेतलं होतं, आणि त्या मायेखाली झटक्याने गेलेली वाचा झाकून राहिली होती. तपासणीच्या खोलीतही तसंच.

वाणी आणि भाषेचा दोष हा एकवीस प्रकारांतला स्वतंत्र प्रकार आहे, आणि झटक्यानंतर अडलेलं बोलणं त्यात मोडतं. मुलगा त्याच पावली आत गेला आणि डॉक्टरांना हे सांगितलं. डॉक्टरांनी लगेच स्पीच थेरपी विभागात पाठवायची चिठ्ठी दिली. "आधी सांगायचं ना," एवढंच म्हणाले. काही दिवसांनी तिथे तपासणी झाली. या वेळी माई बाहेर बसल्या. ते त्यांना फार अवघड गेलं. वाणीचे २० टक्के निघाले.

इथे अनेकांचा घोटाळा होतो म्हणून सांगते: ३६ आणि २० मिळून ५६ होत नाहीत. दोन टक्केवारी जोडायचं सूत्र असं: लहान आकड्याला ९० वजा मोठा आकडा याने गुणायचं, ९० ने भागायचं आणि मोठ्या आकड्यात मिळवायचं. म्हणजे ९० वजा ३६ म्हणजे ५४, त्याची २० पट म्हणजे १०८०, भागिले ९० म्हणजे १२. छत्तीस अधिक बारा, अठ्ठेचाळीस. नानांचा दाखला ४८ टक्क्यांचा, दोन वर्षांच्या मुदतीचा झाला.

यात एक टक्काही फुगवलेला नाही. जे होतं ते सगळं डॉक्टरांसमोर आलं, एवढंच.

निष्पत्ती

पिवळ्या पट्टीचं कार्ड टपालाने भाड्याच्या घरी आलं. त्याची आणि आधारची प्रत, फोटो आणि अर्ज बेस्टच्या पास केंद्रावर दिला. तिथे अडकण्यासारखं काही उरलंच नव्हतं, कारण दोन्ही कागदांवर नाव आणि पत्ता तंतोतंत जुळत होता. डिसेंबरमध्ये नानांच्या हातात पास आला. माईंच्या तिकिटाचा हिशेब आम्ही पहिल्यापासून वेगळाच धरला होता. त्या अजूनही सुटं तिकीट काढतात, महिन्याला तीनशेच्या आसपास.

त्याहून मोठी निष्पत्ती दोन ठिकाणी दिसते. जुलै ते डिसेंबर नानांचा व्यायाम जवळजवळ न चुकता झाला. उजवा पाय आता पायरीवर स्वतः उचलला जातो. आणि वाणीची तपासणी झाल्यामुळे स्पीच थेरपी सुरू झाली, जी पासाच्या भानगडीत पडलो नसतो तर कदाचित सुरूच झाली नसती. हाताची बोटं मात्र अजून उघडत नाहीत.

सूनबाईंचा अंदाज खरा ठरला. नाना पास घेऊन लालबागला जाऊन आले, मुलाबरोबर, जुन्या चाळीतल्या माणसांना भेटायला.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत आधी, एप्रिल ते जून. रिक्षा परवडत नाही आणि पास नाही, यांच्या मध्ये तिकीट काढून बसने जाणं हा पर्याय होता, पण तो कुणी समोर मांडला नाही. रुग्णालयातून घरी सोडताना "येणार कसे?" हा प्रश्न विचारला गेला असता तर जिन्यावरचा सराव तेव्हाच झाला असता. आता आम्ही पासाची चौकशी करणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न हाच विचारतो: कुठे जायचं असतं, आठवड्यातून किती वेळा, आणि सध्या कसे जाता? काहींना त्यातून कळतं की त्यांना पासापेक्षा वेळ बदलून घ्यायची गरज आहे.

सहा महिन्यांची थांबायची मुदत पत्त्याच्या कामासाठी पूर्ण वापरता आली असती. मार्चमध्ये मुंबईत आल्याबरोबर मुलाचा आणि नानांचा पत्ता बदलला असता तर सप्टेंबरऐवजी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातच अर्ज गेला असता.

रत्नागिरीच्या रुग्णालयाचे कागद गावच्या घरी राहिले होते. ते मागवण्यात वेळ गेला. डिस्चार्ज कार्ड, सीटी स्कॅनचा अहवाल आणि फिजिओथेरपीच्या नोंदी पहिल्या दिवसापासून एकाच पिशवीत असाव्यात.

तपासणीला जाताना रुग्णाला स्वतः उत्तरं देऊ द्यावीत, कितीही वेळ लागला तरी. सोबतच्याने डॉक्टरांनी विचारलं तरच बोलावं. आणि आदल्या रात्री घरातल्या सगळ्यांनी बसून, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय दुसऱ्याच्या मदतीने होतं याची यादी करावी. बटण, चप्पल, फोनवर बोलणं, घास, सही. जे मायेने आपण रोज करून टाकतो ते त्या यादीतून निसटतं, म्हणून यादी शेजाऱ्यालाही दाखवावी.

एका गोष्टीवर आमच्यात अजून एकमत नाही. माझ्या सहकाऱ्याचं म्हणणं, गावच्या पत्त्यावर उपचार घेत असलेल्या रुग्णालयातच आधी दाखला काढायला हवा होता. पत्ता नंतर बदलता आला असता आणि दाखला लवकर मिळाला असता. मला वाटतं, मग कार्डावरचा पत्ता बदलायची आणखी एक फेरी वाढली असती. ज्यांचं मुंबईत राहणं काही महिन्यांपुरतंच आहे त्यांच्यासाठी सहकाऱ्याची वाट बरी, जे कायमचे आले आहेत त्यांच्यासाठी पत्ता आधी.

नानांच्या दाखल्याची मुदत संपण्याच्या तीन महिने आधीची तारीख सूनबाईंनी फोनमध्ये घालून ठेवली आहे. फेरतपासणीत टक्केवारी चाळीसच्या खाली गेली तर पास जाईल, हे नानांना माहीत आहे. तसं झालं तर महिन्याचे ३१२ रुपये द्यायला ते तयार आहेत.